एकदाच आलेली मुलं

फ्रँकफुर्टच्या विमानतळावर पट्ट्यावरून माझी बॅग यायच्या आधी तिचा वास आला. कांदा-लसूण मसाल्याची पिशवी आत फुटली होती. आजूबाजूची माणसं सभ्यपणे अर्धं पाऊल मागे सरकली आणि मी 'ही माझी नव्हेच' असा चेहरा करून बॅगेच्या दोन फेऱ्या तशाच जाऊ दिल्या. तिसऱ्या फेरीला उचलली. न उचलून सांगते कोणाला? आत माझ्या साड्या होत्या आणि साड्यांखाली माझ्या निबंधाच्या पंचवीस रंगीत प्रती. प्रत्येक प्रतीच्या कोपऱ्याला तेलाचा लालभडक डाग.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवते. गणितात अडकलेली मुलं माझ्या टेबलाशी येऊन रडायची आणि रडण्याचं कारण बहुतेक वेळा गणित नसायचंच. म्हणून चाळिशी उलटल्यावर मानसशास्त्राचं एम.ए. केलं. कॉलेजने ग्रंथालयाशेजारची एक खोली दिली, दारावर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी लावली, आणि पाच वर्षं मी ती खोली चालवली. २०१६च्या ऑक्टोबरात लुडविग्सहाफेनला एक छोटी कार्यशाळा होती. वेगवेगळ्या देशांतले कॉलेजांचे समुपदेशक येणार, विद्यार्थ्यांचं मन सावरायला आपण काय करतो ते एकमेकांना सांगणार, आणि ते उपयोगी पडतं हे कशावरून, तेही सांगणार. हा 'कशावरून' निमंत्रणपत्रात इतक्या वेळा आला होता की मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

निघताना आमचे प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तिथे चांगलं नाव काढून या. ती खोली प्लेसमेंट सेलला द्या म्हणून मॅनेजमेंट माझ्या मागे लागलंय. मला त्यांच्यापुढे काहीतरी ठेवायला पाहिजे."

ठेवायला माझ्याकडे चौदावी स्लाइड होती. एक गोल, त्याचा निम्म्याहून जास्त भाग हिरवागार, आणि वर मथळा: 'एकाच भेटीत प्रश्न सुटला.' म्हणजे जी मुलं एकदाच आली आणि ज्यांना परत यायची गरज पडली नाही, ती. फार देखणी स्लाइड होती हो.

लुडविग्सहाफेन, शुक्रवार

लुडविग्सहाफेनला कोणी मुद्दाम फिरायला जात नाही. राइनच्या काठाने मैलोन् मैल रसायनांचा कारखाना, नळ्यांचं जंगल, धुरांडी. मला मात्र पहिल्याच दिवशी तिथे घरच्यासारखं वाटलं, कारण आमच्याकडे साखर कारखाना सुरू झाला की गावाला असाच एक वास धरून राहतो आणि गावातल्यांना तो येत नाही. गेस्टहाउसच्या बाईंना विचारलं तर त्याही म्हणाल्या, "वास? कसला वास?"

कार्यशाळेत आम्ही वीस-पंचवीस जण. पद्धत अशी की निबंध वाचण्याआधी तो एका जोडीदाराला दाखवायचा आणि त्याने तो तपासायचा. माझ्या वाट्याला उटे आली. साठीची, उंच, सायकलचं हेल्मेट काखोटीला मारून आलेली बाई. तिथल्याच एका विद्यापीठात तीस वर्षं मुलांचं ऐकून घेण्याचं काम करत होती. तिने माझी प्रत हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाली, "भूक लागली." मला ती तिथेच आवडली.

तेराव्या स्लाइडपर्यंत ती 'या, या', म्हणजे 'हो, हो', करत राहिली. चौदावीवर थांबली.

"ही मुलं बरी झाली?"

"हो."

"तुला कसं कळलं?"

"परत आली नाहीत ना."

उटेने पेन खाली ठेवलं. "शैला, माझ्या दातांच्या डॉक्टरकडे मी चार वर्षांत गेले नाही. माझे दात अजिबात बरे नाहीत."

मला राग आला. पाच वर्षांत एकेका मुलाला मी चहा पाजून, पाठीवर हात ठेवून बोलतं केलं होतं. ही कोण मला विचारणार? म्हटलं, "मी माझ्या मुलांना ओळखते. तुमच्यासारखं आमच्याकडे घड्याळ लावून बोलत नाहीत." उटे काही रागावली नाही. तिने मला सायकल हातात धरून चालत एका दारूच्या बागेत नेलं. ऑक्टोबरात तिकडे नुकत्याच आंबायला लागलेल्या द्राक्षरसाचा हंगाम असतो. गढूळ, गोड, फसफसणारा. त्याबरोबर कांद्याची जाड पोळीसारखी वडी. 'दारू नाहीच म्हण' असं उटे म्हणाली म्हणून मी एक पेला घेतला, आणि दारूच आहे हे मला उठून उभी राहिल्यावर समजलं.

"आम्हीही तुझ्यासारखंच मोजायचो," ती म्हणाली. "मग एका वर्षी, जे परत आले नाहीत त्यांना आम्ही विचारलं. काही जण खरंच बरे होते. काहींना आमच्या प्रतीक्षेच्या खोलीची काच नको होती, रस्त्यावरून दिसायचं. आम्ही पडदा लावला. एवढंच. पण विचारलं नसतं तर मी आजही म्हणाले असते, बरे झाले."

मी गणिताची शिक्षिका. जे मोजलंच नाही त्याला उत्तर धरायचं नाही, हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना फळ्यावर लिहून देते. आणि पाच वर्षं मी नेमकं तेच करत होते. लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला. पण खोलीवर गेल्यावर लॅपटॉप उघडला, आणि त्या वर्षी एकदाच आलेल्या वीसेक मुलांना एकेकाला वेगळी मेल लिहिली. 'तू परत का आला नाहीस, सांगशील? मी रागावणार नाही. नाही सांगितलंस तरी चालेल.' निबंध सोमवारी वाचायचा होता.

र्युसेल्सहाइम, रविवार

रविवारी कार्यशाळेला सुट्टी. जर्मनीत रविवार म्हणजे रविवार. मी र्युसेल्सहाइमला माझ्या मावसभावाकडे गेले. विनायक तिथे मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. त्याची बायको मेधा, आणि नऊ वर्षांची रिया. रियाला आपण मराठीत विचारायचं आणि तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, असा त्या घराचा रिवाज. दोन तासांत मलाही त्याचं काही वाटेनासं झालं.

बॅगेतून वाचलेला मसाला बघून मेधाचे डोळे भरून आले म्हटलं तरी चालेल. लगेच मटणाचा बेत ठरला. मी वाटण करायला मिक्सरला हात घातला तर विनायक धावत आला. "ताई, ताई, आज नको! रविवारी आवाज चालत नाही. खालच्या आजी चिठ्ठी लावतात दाराला."

"मग खलबत्ता दे."

"आल्झो, तो तर त्याहून वाईट!" प्रत्येक वाक्याआधी जर्मन 'आल्झो' लावायची त्याला सवय लागली होती.

शेवटी दाराखिडक्या लावून, मिक्सरवर दोन टॉवेल गुंडाळून, चोरून वाटण केलं. रस्सा मात्र असा झाला की दोन मजले वास गेला. वासाला तिकडे मनाई नाही.

जेवायला पूर्वा आली. जवळच्या विद्यापीठात एम.एस. करणारी मुलगी, मेधाची मंडळाच्या गणपतीत ओळख झालेली. मेधाने मला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ताई, ती हल्ली फार गप्प झालीय. आधी दर आठवड्याला फोन करायची, आता मी केला तरच. तुम्ही येणार हे मी तिला मुद्दाम सांगितलंय, तुमचं काम काय ते पण. ती हो म्हणाली यायला."

हे तर माझंच काम. पूर्वा बसली, मी तिच्या हातात ताक दिलं आणि नेहमीसारखी सुरू झाले. "आडनाव काय गं?"

"शिंदे."

"कुठले शिंदे? मूळ गाव?"

"तासगावजवळ."

"अगं मग पॉलिटेक्निकला शिंदे सर आहेत ते तुझे कोण?"

"काका."

"बघा! अगं तुझे काका आणि आमचे हे एका वर्गातले! मागच्या महिन्यात आमच्याकडे जेवून गेलेत!" मला इतका आनंद झाला की मी मेधालाही हाक मारून सांगितलं. परमुलखात आपल्या माणसाची ओळख निघणं, याहून मोठं सुख कुठलं?

पूर्वा हसली, अगदी शहाण्या मुलीसारखी. "हो का?" म्हणाली. मग मी विचारत राहिले आणि ती सांगत राहिली. अभ्यास छान, हॉस्टेल छान, थंडी जरा जास्त, पण छान. जेवण झाल्यावर लगेच उठून मेधाबरोबर भांडी पुसायला लागली. मी मेधाला डोळ्यांनीच सांगितलं, काही नाही गं, पोरगी ठीक आहे.

मग सोफ्यावर टेकून फोन बघितला. मेलला उत्तरं आली होती, सात.

पहिल्या मुलीने लिहिलं होतं, 'मॅडम, तुम्ही सांगितलं तसं झोपेचं वेळापत्रक केलं, बरं वाटलं, म्हणून आले नाही. थँक्यू.' मी मनात म्हटलं, घे उटे! आणखी दोघं तशीच. चौथ्याने लिहिलं, ग्रंथालयासमोरच्या बाकावर वाट बघत बसलो की येणारा-जाणारा 'काय रे, काय झालं' विचारायचा. पडद्याचीच गोष्ट. म्हटलं, हे सोपं आहे, बाक हलवू.

पाचवं उत्तर एका मुलाचं होतं. त्याला इथे मी सागर म्हणते, त्याचं नाव सागर नाही.

'मॅडम, तुम्ही खूप चांगल्या आहात. राग मानू नका. मी आलो तेव्हा तुम्ही विचारलंत, कुठला, कोणाचा. मी सांगितलं. तुम्ही म्हणालात, अरे तुझे मामा आमच्या शेजारीच राहतात. मग मी झोप लागत नाही एवढंच सांगितलं. झोपेचं नव्हतं मॅडम. मी जगावं का नको एवढ्यावर आलो होतो. पण मामांना कळलं असतं. नंतर ताईला सांगितलं, तिने डॉक्टरांकडे नेलं. आता बरा आहे. काळजी करू नका.'

मी ते तीनदा वाचलं. तो दिवस मला आठवत होता. त्याच्या मामांची ओळख निघाल्यावर मी त्याला दुसरा कप चहा दिला होता. माझ्या वहीत त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'निद्रानाश. सुटला.' ताई नसती तर? तो चौदाव्या स्लाइडच्या हिरव्या भागातच राहिला असता आणि मी टाळ्या घेतल्या असत्या.

ज्या गोष्टीचा मला सगळ्यात अभिमान, तीच नडली होती. आपल्याकडे ओळख काढणं म्हणजे माया. तू परका नाहीस, बस. पण जे घरच्यांपासून लपवायला पोर माझ्या दारात येतं, त्याला मी पहिल्याच वाक्यात घरी नेऊन सोडत होते. आणि आडनाव विचारलं की आपल्याकडे त्याबरोबर आणखी काय काय विचारलं जातं, ते आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या मनात तसलं काही नव्हतं, असं मी छातीवर हात ठेवून सांगेन. समोर बसलेल्या पोराला ते कसं कळावं?

मान वर केली तर ओट्याशी पूर्वा तीच एक ताटली पुसत उभी होती. कधीची.

शैलाबाई, म्हटलं, हिच्या काकांची ओळख काढून अजून दोन तासही झाले नाहीत.

मी मेधाला म्हटलं, मी आणि पूर्वा जरा नदीपर्यंत जाऊन येतो. माइन नदी घरापासून दहा मिनिटांवर. काठाला पॉपलरची पिवळी पानं पडलेली, बदकं, शिस्तीत चालणारी म्हातारी जोडपी. बराच वेळ मी काहीच बोलले नाही. जे मला ओळखतात त्यांना हे किती अवघड ते कळेल.

मग म्हटलं, "पूर्वा, मी चुकले. आता तुझ्या काकांना मी ओळखते हे काही मला पुसता येत नाही. म्हणून तुला काय झालंय ते मी विचारणार नाही. तू मला सांगूही नकोस."

ती चालता चालता थांबली.

"पण तुमच्या विद्यापीठात समुपदेशन केंद्र आहे. तिथल्या माणसांना तासगाव कुठे आहे ते माहीत नाही. तुझे काका कोण ते माहीत नाही. आणि इथे एक श्वाइगेप्फ्लिश्ट असतं. मौनाचं बंधन, कायद्याचं. त्यांनी बाहेर बोलायचं नाही म्हणजे नाही, घरच्यांनी फोन केला तरी."

"आईने केला तरी?"

"आईने केला तरी."

पूर्वा पुन्हा चालायला लागली. "जर्मनमध्ये बोलावं लागेल?"

"इंग्रजी चालतं. इकडच्या केंद्रांत चालतं, हे मी परवा कार्यशाळेत विचारून घेतलंय."

"काकू, तुम्ही खरंच विचारणार नाही?"

"नाही गं बाई. जीभ चावून धरलीय."

तेव्हा ती हसली. मघासारखी शहाण्या मुलीसारखी नाही, नाकातून फुस्कन. आणि मग रडली. मी पिशवीतून रुमाल काढून दिला.

पुन्हा लुडविग्सहाफेन, सोमवार

सकाळी उटेला स्लाइड दाखवली. गोल तोच होता, पण हिरवा रंग काढून टाकला होता आणि वर मथळा लिहिला होता: 'माहीत नाही.' उटे म्हणाली, "गेनाऊ. बरोब्बर." आणि हेल्मेटसकट मला मिठी मारली.

व्यासपीठावर उभी राहिले. सागरची गोष्ट सांगितली, त्याची ओळख पटेल असं सगळं वगळून. त्याला मेलवर विचारलं होतं आणि तो 'सांगा' म्हणाला होता. म्हटलं, आम्ही विचारायला सुरुवात केलीय, तीन दिवस झाले, पुरावा अजून काही नाही. मग आमच्या मेसची पद्धत सांगितली, जी मी निबंधात घालायचीसुद्धा विसरले होते, कारण आम्हाला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही. आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये वाढणारे मामा प्रत्येक पोराला तोंडाने ओळखतात. एखादं पोर दोन दिवस जेवायला आलं नाही की मामा वरच्या वर्गातल्या कोणाला तरी म्हणतात, 'त्याला जरा बघून ये.' त्या वरच्या पोरांना आम्ही कसं बघायचं, कसं ऐकायचं, कधी मोठ्यांना बोलवायचं ते शिकवतो. संपलं. मी बसायला निघाले.

आणि सगळे बाकं बडवायला लागले.

आमच्याकडे पोरं बाकं बडवतात ती शिक्षकाला वर्गाबाहेर घालवायला. पंचवीस समुपदेशक, पांढऱ्या केसांचे, मुठीने टकटक टकटक करतायत! मी खाली बघून कागद गोळा केले. एवढं खरं बोलून ही फळं? तोवर उटे कानाशी आली. "अगं थांब, कुठे चाललीस? ही आमची टाळी आहे."

दुपारभर माणसं मला मेसच्या मामांबद्दल विचारत होती. उटे म्हणाली, "आमच्याकडे कॅन्टीनमध्ये कार्ड लावलं की ताट मिळतं. महिनाभर कोणी आलं नाही तरी आमच्या यंत्राला त्याची आठवण येत नाही." तिने वहीत मोठ्या अक्षरात लिहून घेतलं: मामा. चौदाव्या पानावर हाताने 'माहीत नाही' लिहिलेल्या माझ्या डागाळलेल्या पंचवीसही प्रती संपल्या.

परतीच्या वाटेवर, विमानात शिरता शिरता पूर्वाचा मेसेज आला. 'गुरुवारी अपॉइंटमेंट मिळाली.' एवढंच. मी काहीही न विचारता एक अंगठा पाठवला.

घरी

प्राचार्यांना सगळं जसं झालं तसं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "मॅडम, तुम्हाला नाव काढायला पाठवलं होतं. तुम्ही जाऊन 'माहीत नाही' सांगून आलात?"

"हो सर. आणि वर्षभरात माहीत करून घेणार आहे. एकदाच आलेल्या प्रत्येकाला विचारणार."

त्यांनी पेपरवेट फिरवला. मग म्हणाले, "बंद करा असं मी म्हणणार नाही. पण ती खोली आता माझ्याने वाचत नाही." ग्रंथालयाशेजारची खोली प्लेसमेंट सेलला गेली. मला मिळाली जुन्या वर्कशॉपच्या मागची, चिंचेच्या झाडाखालची, पूर्वी लेथचे सुटे भाग ठेवायचे ती. तिकडे कोणी फिरकत नाही. समोर बाक नाही, रस्ता नाही, पाटीसुद्धा नाही. सहकाऱ्यांना वाटलं, बाईंना शिक्षा झाली. मी चिंचेखाली उभी राहून एकटीच हसले. मागून मिळाली नसती अशी जागा!

पहिल्याच मंगळवारी एक मुलगी आली. दारातच उभी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. "मॅडम, मी सेकंड इयरची. माझं नाव..." तिने आडनावासकट नाव सांगितलं, आणि गाव. ते गाव माझ्या सासरचं. ते आडनाव आमच्या दोन घरं सोडून पलीकडचं.

ओठापर्यंत आलं होतं. देवाशपथ आलं होतं.

मी उठले, माठातलं पाणी दिलं आणि म्हटलं, "बस. इथलं बोलणं या दाराबाहेर जात नाही. घरून कोणी विचारलं तरी तुझ्या परवानगीशिवाय सांगणार नाही. फक्त तुझ्या जिवावर बेतलंय असं वाटलं तर मदत बोलवेन, आणि तेही आधी तुला सांगून."

ती पाणी प्यायली. मग ती थोडंसं बोलली. अगदी थोडंसं. जाताना मी म्हटलं, पुढच्या मंगळवारी अकरा वाजता मी इथेच असेन. ती 'बघते' म्हणाली. 'बघते' म्हणणारी मुलं मला आता चांगलीच माहीत होती.

पुढच्या मंगळवारी मी साडेदहापासून दाराकडे बघत होते. गणिताचे पेपर समोर, एकही तपासला नाही. अकराला पाच मिनिटं असताना दारावर टकटक झाली.

तीच होती.